आप्पांनी कानाला हात लावले

आधी हातातला चहा संपवा. ही फजिती ऐकताना आमच्या साडूंच्या नाकात चहा गेला होता आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. संपला? मग ऐका.

तसा मी साधा माणूस. छत्रपती संभाजीनगरात राहतो, पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे काढतो. कुठलं पाणी कुठून निघणार, कुठं वळणार, कुठं पोचणार, सगळं आधीच ठरलेलं. त्यात जरा इकडंतिकडं झालं तर लोक तक्रार करतात. बहुतेक म्हणूनच संध्याकाळी कीबोर्डसमोर बसलो की मला ठरलेलं काही वाजवावंसंच वाटत नाही.

आमचा बँड आहे चौघांचा. नाव अजून ठरलेलं नाही, कारण चौघांनी चार नावं सुचवली आणि प्रत्येकाला बाकीच्यांची आवडली नाहीत. सलीम गिटार वाजवतो. त्याचं शहागंजात कापडाचं दुकान. त्याच दुकानाच्या माडीवर, ताग्यांच्या गर्दीत आमची प्रॅक्टिस चालते. भाऊसाहेब करमाडचे, घरची शेती, नोकरी शेंद्र्याच्या कंपनीत, आणि बँडमध्ये ऑक्टोपॅड, म्हणजे ते काठ्यांनी बडवायचं इलेक्ट्रिक वाद्य. केतकी गाते. ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना 'तोंड उघडा, बंद करा' सांगून तिला हुकूम सोडायची सवय लागलीय, आणि आम्हाला ऐकायची.

आता हे मोकळं वाजवणं म्हणजे काय? गाणं चालू असताना मध्येच जागेवर सुचेल ते वाजवत सुटायचं. कुठं जाणार माहीत नाही, कसं परतणार माहीत नाही. एकदा केतकीला दवाखान्यात उशीर झाला. आम्ही तिघांनी तिच्याशिवायच गाणं सुरू केलं. सलीमनं गिटारवर एक भलतीच ओळ टाकली. मी तिला उत्तर दिलं. त्यानं माझ्या उत्तराला उत्तर दिलं. भाऊसाहेबांनी मध्येच ठेका असा काही मोडला की वाटलं, गेलं सगळं बोंबलत! आणि पुढच्याच क्षणी तिघं एकदम समेवर. कुणी खूण केली नव्हती, कुणी कुणाकडं बघितलंही नव्हतं. सलीमनं दंडावरचा काटा दाखवला. खाली साड्या बघत बसलेल्या बायका जिन्याकडं माना वर करून बघत होत्या.

मी सांगतो तुम्हाला, त्या एका क्षणासाठी माणूस महिनाभर नकाशे काढू शकतो.

केतकी दारात उभी होती. म्हणाली, "छान होतं हे."

आम्ही खूश.

"स्टेजवर करायचं नाही."

"अगं, पण का?"

"गणपतीतलं विसरलात? तुम्ही असेच फिरायला निघून गेलात आणि मी माइकसमोर हसत उभी. इतका वेळ हसत होते, की नंतर एका बाईंनी मला विचारलं, दात स्वतःच बसवले का म्हणून!"

आम्ही मुकाट्यानं ठरलेलं गाणं वाजवायला घेतलं.

अशात भाऊसाहेबांच्या भाचीचा साखरपुडा ठरला. करमाडजवळच्या लॉनवर, रविवारी दुपारी. वाजवायला आम्ही. भाऊसाहेब कधी नव्हे ते गंभीर झाले.

"हे बघा, आमच्या घरच्यांनी मला वाजवताना कधी बघितलं नाय," ते म्हणाले. "त्यांना वाटतं, एवढा नोकरीवाला माणूस, रबराच्या तुकड्यावर कामून काठ्या आपटतो? ह्या टायमाला त्यांना दाखवायचंय. लई भारी नाय झालं तरी चालंल, पण हसं नका करू माझं."

"नाही होणार," मी म्हणालो.

"आन् आप्पामामा येणार हायेत खुलताबादहून."

हे आप्पा म्हणजे भाऊसाहेबांचे थोरले मामा. उभं आयुष्य दर्ग्यातल्या कव्वाल्या आणि देवळातली भजनं ऐकण्यात गेलेलं. कान असा तयार, की तंबोरा जरा उतरला तरी गाणाऱ्याच्या आधी ह्यांच्या कपाळाला आठी. भल्याभल्यांचं गाणं संपल्यावर म्हणणार काय, तर "ठीक." त्यांच्या तोंडून 'वाह' निघालेलं घराण्यात कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता मला सांगा, असा श्रोता पहिल्या रांगेत बसणार आणि मी काय नुसतं ठरलेलं वाजवू?

मी केतकीच्या दवाखान्यात गेलो. दाढ दुखतेय असं सांगून आत शिरलो आणि खुर्चीत पडल्यापडल्या विनंती केली. तिनं दाढ तपासली, काही निघालं नाही, माझी तळमळ मात्र तिला दिसली असावी.

"एकाच गाण्यात, दोन कडव्यांच्या मध्ये, थोडी जागा देते," ती म्हणाली. "मी हात वर केला की मुकाट्यानं परत यायचं. शब्द द्या."

मी तोंड उघडं असतानाच शब्द दिला.

आता ह्या कथेतला मुख्य गुन्हेगार. मी नुकताच नवा कीबोर्ड घेतला होता. माझ्या जुन्या कीबोर्डवर उजव्या हाताशी अधिकच्या खुणेचं एक बटण होतं. ते दाबलं की आवाज वाढायचा. नव्यावरही नेमकं तिथंच अधिकच्या खुणेचं बटण! बरोबर माहितीपुस्तिका आली होती. पण कीबोर्डची माहितीपुस्तिका कुणी वाचतं का? तुम्ही वाचता? नाही ना? मग माझ्याकडं असं बघू नका. ते बटण भलत्याच कामाचं होतं. काय ते मला कळलं तेव्हाच तुम्हालाही कळू दे.

शिवाय मी कानात घालायची बोंडं घेतली होती, मोठे कलाकार घालतात तसली. त्यातून आपलंच वाजवणं स्वच्छ ऐकू येतं. साउंडवाल्यानं विचारलं, "सर, बाकीच्यांचा आवाज किती देऊ?"

मी म्हणालो, "ऑक्टोपॅड दे ठेक्यापुरतं. बाकीच्यांचं काही नको."

बघा! माणूस स्वतःचा खड्डा किती मन लावून खणतो!

साखरपुडा झाला, अंगठ्या झाल्या, आमचं गाणं सुरू झालं. पहिल्या रांगेत मधोमध आप्पा. पांढरं धोतर, कानांवर उतरलेला फेटा, दोन गुडघ्यांच्या मध्ये काठी आणि काठीवर हनुवटी. दोन गाणी झाली, तीन झाली. आप्पांची पापणीसुद्धा हलली नाही. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम. बाजूला माझी बायको, वर्षा, मोबाइलवर चित्रीकरण करत उभी.

मग ते गाणं आलं. पहिलं कडवं संपलं. केतकी माइकपासून एक पाऊल मागं सरली आणि मला मानेनं म्हणाली, हं.

मी सुटलो.

अगदी हळू सुरुवात केली. एक सूर, त्याच्या शेजारचा सूर, परत पहिला. आणि काय सांगू, सुचत गेलं! आपण वाजवत नसून कुणीतरी आपल्या बोटांना धरून फिरायला नेतंय, असं होतं ना, तसं झालं. मी अगदी रंगात येऊन आवाज थोडा वाढवावा म्हणून ते बटण दाबलं.

आप्पांची हनुवटी काठीवरून वर आली.

हललं! हिमालय हलला! मी आणखी जोरात बोटं पळवली. पुन्हा बटण दाबलं. आप्पांची मान उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं. डोलताहेत! शेजारी बघितलं तर सलीम खाली वाकून गिटारच्या दांडीवरचा चिमटा घाईघाईनं सरकवतोय. म्हटलं, गडी पेटला आज. केतकीनं हात वर केला. मला दिसला. खोटं कशाला बोलू, चांगला दिसला. मी परत फिरणारच होतो, पण त्याच क्षणी आप्पांनी दोन्ही हात उचलले आणि कानांना लावले.

कानाला हात!

अहो, गवई आपल्या गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. त्याहून मोठा मान संगीतात नाही. आणि ह्या माणसानं एका कानाला नाही, दोन्ही कानांना हात लावले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता परत फिरायचं म्हणजे कलेचा अपमान. केतकी तर्जनीनं खाली, खाली, खाली असं दाखवत होती. मला वाटलं, खालच्या सप्तकात जा म्हणतेय. वा, काय कल्पना आहे! गेलो खालच्या सप्तकात. आणि तिथून वर येता येता, कृतज्ञता म्हणून, आणखी एकदा ते बटण दाबलं.

आप्पांचा चेहरा आता एकदम शांत झाला होता. डोळे माझ्या बोटांवर. मान संथपणे डुलतेय. आणि मग सगळ्या लॉनला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "वाह!"

तोपर्यंत मंडळी काहीशी कावरीबावरी दिसत होती. काहींनी तोंडं वाकडी केली होती. पण आप्पा म्हणाले 'वाह'! सगळे आधी आप्पांकडं बघायला लागले, मग माझ्याकडं. एकानं टाळी वाजवली. मग दहांनी. मग सगळ्यांनी. भाऊसाहेबांच्या बहिणीनं पदर डोळ्यांना लावला. मी समेवर आलो, झुकून नमस्कार केला आणि केतकीनं दुसरं कडवं उचललं.

तिचा आवाज इतका उंच जातो हे मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. तिची शेवटची ओळ करमाडच्या रेल्वे स्टेशनापर्यंत गेली असेल.

कार्यक्रम संपला. मी स्टेजच्या मागं हात पसरून उभा, येऊन मिठी मारा म्हणून.

केतकी बोलतच नव्हती. मला वाटलं, भारावलीय. पण तिचा घसा बसला होता.

सलीम आला. "क्या मियाँ! गाना था के घाट का रस्ता? मैं चिमटा सरकाके तुम्हारे बाजू आया, तो तुम और ऊपर! मैं फिर आया, तुम फिर ऊपर! गिटार की दांडी खतम होने को आई ना!"

"म्हणजे?"

मग त्यानं माझ्या कीबोर्डवरचं ते बटण दाखवलं. मित्रांनो, ते आवाज वाढवायचं बटण नव्हतं. ते दाबलं की अख्खी पट्टीच अर्धा सूर वर सरकते. बोटं आपल्या घरी, सूर शेजारच्यांकडं! मी प्रत्येक वेळी सगळ्या बँडपेक्षा अर्धा सूर वर निघून जात होतो. बिचारा सलीम गिटारची पट्टी चढवायचा तो चिमटा सरकवत मागं धावत होता, केतकी आधी 'खाली ये' म्हणून बोटं दाखवत होती, मग त्याच चढलेल्या पट्टीत गात होती आणि मी कानात बोंडं घालून एकटाच मैफल जिंकत होतो.

तुम्ही म्हणाल, तुला स्वतःला कळलं नाही? अहो, प्रत्येक वेळी काहीतरी उजळल्यासारखं वाटलं होतं खरं. मला वाटलं, हीच ती कलेची अवस्था.

भाऊसाहेब मात्र प्रसन्न होते. "मला काय बी कळलं नाय. आठ मात्रा बरोबर हुत्या ना? मग झालं. घरचे लई खूश हायेत."

"पण," मी म्हणालो, "आप्पांनी कानाला हात लावले त्याचं काय? 'वाह' म्हणाले त्याचं काय?"

सलीमनं खांदे उडवले आणि गिटार पिशवीत भरली.

घरी जाताना जालना रोडवर गाडीत वर्षानं चित्रीकरण लावलं. मी थोडं ऐकलं आणि विचारलं, "हे कोण वाजवतंय?"

"तुम्ही," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण रात्री अंथरुणात पडल्यापडल्या माझ्या मनात आलं, आप्पांसारखा कानाचा माणूस चुकेल कसा? म्हणजे चूक झालीच नसणार. आपल्या हातून नकळत काहीतरी नवीन घडलंय. आपल्यालाच त्याची उंची कळलेली नाही!

हसा, हसा. पुढं ऐका. मी आठवडाभर ते बटण मुद्दाम दाबून सराव केला. मोकळं वाजवता वाजवता मध्येच अर्धा सूर वर. ऑफिसात सहकाऱ्यांना सांगितलं की मी एक नवी पद्धत बसवतोय. नवऱ्या मुलाच्या काकांचाही फोन आला, पुढच्या महिन्यात आमच्याकडं मुंज आहे, ते सूर बदलत बदलत वाजवायचं तिथंही वाजवा म्हणून. घरी वर्षा पापड वाळत घालायला गच्चीवर जायची आणि पापड वाळेपर्यंत खाली यायचीच नाही.

आणि मग भाऊसाहेबांचा फोन. "आप्पामामांनी बोलावलंय. म्हणले, त्या पेटीवाल्याला घेऊन ये. येताना पेटी बी आण म्हणा."

मी सगळ्यांना गोळा केलं. केतकी यायला तयार नव्हती. तिचा आवाज अजून बसलेलाच होता. पण मी म्हणालो, "चल. आता आप्पांच्याच तोंडून ऐक."

घाट चढून खुलताबादला पोचलो. आप्पा शेताकडच्या घराच्या ओट्यावर बसले होते, समोर पेरूची टोपली. आज डोक्यावर फेटा नव्हता. आणि फेटा नव्हता म्हणून दोन्ही कानांत काहीतरी दिसत होतं.

भाऊसाहेब म्हणाले, "आप्पा, हे वो काय कानात?"

"मशीन हाय. ऐकू यायचं. दिवाळीपासून घालतोय. पोरीनं घेऊन दिलं. गावभर बोंबलत फिरू नको."

मी कशाकडंही लक्ष न देता सरळ पायांवर डोकं ठेवलं. "आप्पा, त्या दिवशी तुम्ही कानाला हात लावलात. माझ्या आयुष्याचं सार्थक झालं."

"व्हय, लावला की," आप्पा म्हणाले. "तुझं सुरुवातीला ठीक चाललं हुतं. मंग एकाएकी मशीनच बिघडलं. गिटार एकीकडं, पेटी दुसरीकडं, कशाचा कशाला मेळ नाय. म्या मान हलवून बघितली, तरी तेच. म्हणलं, पोरीला दुकानदारानं फसवलं. दोन्ही मशीनं काढली अन् खिशात टाकली."

सलीमनं एक पेरू उचलला आणि चेहऱ्यासमोर धरला.

मी कसाबसा म्हणालो, "पण... नंतर तुम्ही 'वाह' म्हणालात."

"मशीन काढल्यावर! लई सुरेख वाजवलंस, बाबा. काय बोटं पळत हुती! काय चेहरा! इतकं रंगून वाजवणारा माणूस म्या आजवर बघितला नाय. आपसूक निघालं तोंडातून." मग ते जरा विचारात पडले. "पर एक कळंना. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन दुकानात गेलो. तो म्हणला, आजोबा, मशीन ठणठणीत हाय, काय बी झालं नाय. मंग त्या दिवशी बिघडलं काय हुतं?"

आठवडाभर बसलेला केतकीचा आवाज नेमका त्या क्षणी फुटला.

"मी सांगते, आप्पा," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. बटणासकट, बोंडांसकट, माझ्या नव्या पद्धतीसकट सगळं सांगितलं. आप्पा इतके हसले की काठी ओट्यावरून खाली पडली. भाऊसाहेब हसले, सलीम पेरूसकट हसला. मी पण हसलो. न हसून जातो कुठं? घाट उतरायला गाडी एकच होती.

हसून झाल्यावर आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पेटी आणलीस ना? मंग लाव. परवाच्यासारखं होऊ दे काहीतरी, मनाला येईल ते."

मी कीबोर्ड ओट्यावर मांडला. ते बटण नीट बघितलं, पट्टी जागेवर आहे ना ते पुन्हा पुन्हा तपासलं. बोंडं घरीच ठेवली होती. सलीमनं गिटार जुळवली, भाऊसाहेब टोपली उपडी करून ठेक्याला बसले, केतकीनं मान हलवून परवानगी दिली. मी डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. अगदी स्वच्छ, जिथला तिथं.

"थांब थांब थांब!" आप्पा म्हणाले.

मी डोळे उघडले. आप्पांनी दोन्ही हात कानांना लावले, दोन्ही मशीनं काढली, डबीत ठेवली, झाकण टक्कन बंद केलं आणि भिंतीला टेकून आरामात बसले.

"हं. आता वाजव."

वाजवलं. खूप वेळ वाजवलं. माझं मोकळं वाजवणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता, इतक्या तल्लीनतेनं ऐकणारा, चुकलो, बघणारा, माणूस मला आजवर दुसरा भेटलेला नाही.